बुवाऽ... कुक्!

बालमित्रांनो,

आज आपण एका खेळापासून सुरुवात करू. खेळ तुमच्या ओळखीचाच आहे. फक्त तुम्ही तो पहिल्यांदा खेळलात तेव्हा तुमचं वय होतं जेमतेम सात-आठ महिने, म्हणून तुम्हाला तो आठवत नसेल. आईनं तोंडावर पदर ओढून घ्यायचा. क्षणभर सगळं शांत. तुमचे डोळे मोठे झालेले, ओठ थोडे वाकडे व्हायला लागलेले, आता रडावं की काय असा विचार चाललेला. आणि तेवढ्यात पदर बाजूला! "बुवाऽ... कुक्!" मग तुम्ही असे खदखदून हसायचात की बाजेवर पडलेली आजीसुद्धा हसायला लागायची.

सांगा पाहू, या खेळात एवढं हसण्यासारखं काय आहे? आई तर तिथंच होती, पदराआड.

मलाही बरीच वर्षं हे कोडं सुटलं नव्हतं. मी प्राथमिक शाळेतला मास्तर. डी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर दिला, पासही झालो. पण हा धडा मला शिकवला माझ्या भाचीनं, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत. तिचं वय तेव्हा होतं सतरा महिने. आपण तिला छकुली म्हणू. तिचीच गोष्ट आज सांगतो.

माझी धाकटी बहीण मंगरुळपीरकडं दिलेली आहे. घरी शेती. आपल्या वाशीम जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास शेतकऱ्याच्या घरी काय धांदल असते, ते तुम्हाला सांगायला नको. सोयाबीनची सोंगणी, मळणी, पावसाची धास्ती, माल कधी विकायचा याची काळजी. त्यात छकुली रात्रीतून तीन-तीनदा उठणारी. दिवाळीच्या आधी बहिणीचा फोन आला. बोलता बोलता ती मध्येच थांबली. मला वाटलं, रेंज गेली. पण रेंज गेली नव्हती. ती बसल्या बसल्या झोपली होती!

मग भाऊजी बोलले, "दादा, हिला चार दिवस कुठंतरी घेऊन जातो म्हणतो. चिखलदऱ्याला. लग्न झाल्यापासून शेत आणि घर सोडून ही कुठंच गेली नाही. पण छकुलीचं कसं करायचं?"

मी म्हटलं, "अहो, मामाचं घर कशासाठी असतं?"

मी बोललो खरा, पण पुढं काय वाढून ठेवलं आहे याची मला कल्पना नव्हती.

चिखलदरा तुम्हाला माहीत असेलच. अमरावती जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या रांगांतलं, विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण. भीमानं कीचकाला मारून जिथं दरीत फेकलं ती ही जागा, कीचकदरा, आणि त्याचंच झालं चिखलदरा, अशी तिथली दंतकथा आहे. ही बातमी आमच्या नातलगांत पसरली आणि कुजबुज सुरू झाली. "अंगावरचं लेकरू टाकून हवा खायला निघाली!" "आमच्या वेळी नव्हतं बाई असं काही."

ही कुजबुज आमच्या आजीच्या कानावर गेली. आजी म्हणजे माझी आई. आमच्या घरात सगळेच तिला आजी म्हणतात, मीसुद्धा. ती तूर निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली,

"पंढरपूरले चालली असती त कोन बोललं असतं? सांगा बरं. अरे, माय धड राह्यली त लेकरू धड राह्यते. जाऊ दे तिले."

आजीचं म्हणणं खरंच होतं. दरवर्षी शेगावहून श्रीगजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते. मालेगाव, शिरपूर, रिसोड अशी ती आपल्या जिल्ह्यातून जाते. कितीतरी आया-बाया वारीला जातात आणि त्यांची लहान लेकरं आजीजवळ, मावशीजवळ, काकूजवळ राहतात. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला जातानाही कुणी ना कुणी लेकरांसाठी घरी थांबतंच. तेव्हा कुणी नावं ठेवत नाही. मग दमलेल्या आईनं नुसती झोप घ्यायला चार दिवस मागितले, तर आपण नाक का मुरडायचं? मुलांनो, तुमची आईसुद्धा दमते बरं का. ती तसं म्हणत नाही, एवढंच.

बहीण दोन दिवस आधीच छकुलीला घेऊन आमच्याकडं आली. हे फार चांगलं झालं. छकुलीला घर कळलं, अंगण कळलं, मामी कळली. माझ्या मुलाशी तर तिची लगेच गट्टी जमली. तो सहावीत आहे. आत्याची लेक म्हणजे त्याची आतेबहीण. त्यानं एक वही केली आणि आत्याला विचारून विचारून लिहून काढलं. छकुली 'मम्' म्हणाली म्हणजे पाणी. 'मम्मम्' म्हणाली म्हणजे भात. कान चोळला म्हणजे झोप आली. झोपताना डोक्यावरून नाही, पाठीवरून हात फिरवायचा. वरणात तिखट नाही. कोणत्या औषधानं अंगावर पुरळ येतं. लसीकरणाचं कार्ड कुठल्या पिशवीत आहे. शेवटच्या पानावर डॉक्टरांचा नंबर, आणि त्याखाली रुग्णवाहिकेचा नंबर, १०८.

छकुलीची एक गोधडी होती, आईच्या जुन्या लुगड्याची. चांगलीच मळलेली. माझी पत्नी ती धुवायला घेणार, तोच आजी म्हणाली, "धुऊ नको माय. तिले त्यात मायचा वास येते."

आता निघण्याची वेळ आली. पहाटेची एस.टी. रिसोडहून अकोला, मग परतवाडा, मग घाट. छकुली गाढ झोपलेली. माझी बहीण हळूच म्हणाली, "दादा, ती उठायच्या आत सटकतो. उठली तर रडेल. मला ते बघवणार नाही."

मुलांनो, इथं मला तुम्हाला माझी एक चूक सांगायला हवी. माझा मुलगा दोन वर्षांचा होता तेव्हा एका लग्नासाठी आम्ही दोघं त्याला आजीजवळ ठेवून असेच गेलो होतो. चोरून, तो झोपेत असताना. आम्हाला वाटलं, किती छान जमलं, रडला नाही, काही नाही! दुसऱ्या दिवशी परत आलो. आणि त्यानंतर कितीतरी दिवस तो झोपायलाच तयार होईना. डोळे मिटायला लागले की दचकून उघडायचा. आईचा पदर मुठीत धरून ठेवायचा. तेव्हा आजी आम्हाला म्हणाली होती, "तुमी चोरावानी गेले न? आता लेकरू झोपाले भेते. झोपलं की माय जाते, असं त्याले समजलं."

हे आठवलं आणि मी बहिणीला म्हटलं, "तिला उठव. तोंड धुव. मांडीवर घे आणि सांग."

"तिला काय कळणार आहे?"

"शब्द नाही कळणार. पण तू लपवलं नाहीस, हे कळेल."

तिनं छकुलीला उठवलं. कपभर दूध पाजलं. म्हणाली, "पिल्लू, आई-बाबा गावाला जातात. तू मामाकडं राहायचं. आई परत येणार." मग तिनं छकुलीला माझ्या हातात दिलं, पापा घेतला आणि मागं वळून न बघता चालू लागली. तिनं वळून पाहिलं नाही, कारण तिचेही डोळे भरले होते.

आणि छकुली रडली. कशी रडली म्हणून सांगू! अंग धनुष्यासारखं ताणून, माझे केस ओढून, फाटकाकडं हात करकरून. शेजारचे लोक अंगणात येऊन उभे राहिले. मी वीस मिनिटं तिला कडेवर घेऊन अंगणात फेऱ्या मारत होतो आणि मनात म्हणत होतो, आपण केलं ते बरोबर केलं ना?

बरोबर केलं होतं. हे मी आता खात्रीनं सांगतो, कारण नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. त्यातली एक खरी हकिगत ऐका.

लंडनमध्ये जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन नावाचं एक जोडपं होतं. आई दवाखान्यात असताना घरी राहिलेल्या लहान मुलांचं काय होतं, याचा त्यांनी ध्यास घेतला होता. आया दुसऱ्या बाळंतपणासाठी दवाखान्यात गेल्या होत्या. त्यांच्या मुलांवर या दोघांनी चित्रफिती काढल्या. त्यातला एक मुलगा जॉन. वय सतरा महिने, आमच्या छकुलीएवढाच. त्याला नऊ दिवस एका बालसंगोपनगृहात ठेवलं होतं. तिथल्या बाया काही वाईट नव्हत्या, प्रेमळच होत्या. पण आज एक, उद्या दुसरी. जॉन आधी एकीच्या जवळ जायचा, मग दुसरीच्या. प्रत्येकीला दुसरं काम असायचं. हळूहळू तो खेळेनासा झाला, जेवेनासा झाला, जमिनीवर पडून रडू लागला. नवव्या दिवशी आई न्यायला आली, तेव्हा तो तिच्याकडं बघायलाही तयार नव्हता. ही चित्रफीत १९६९ सालची आहे. ती बघून जगभरच्या डॉक्टरांना आणि शिक्षकांना विचार करावा लागला.

आता दुसरी बाजू ऐका. याच रॉबर्टसन दांपत्यानं अशीच चार मुलं एकेक करून स्वतःच्या घरी सांभाळली. त्यांतली एक मुलगी तर बरोबर सतरा महिन्यांचीच होती. त्यांनी काय केलं? मुलांना आधीच घर दाखवलं. त्यांच्या ओळखीच्या वस्तू सोबत आणायला सांगितल्या. सांभाळणारं माणूस एकच ठेवलं. आणि आईचा विषय टाळला नाही, उलट मुद्दाम काढला. ही मुलंही रडली, हट्टी झाली, चिडली. पण जॉनसारखी कोमेजून गेली नाहीत.

वाचताना मला हसू आलं. आमच्या आजीनं एकही पुस्तक वाचलं नाही, पण गोधडी धुऊ नको म्हणाली ती हेच सांगत होती!

तेव्हा पहिल्या दिवशी आम्ही ठरवलं, छकुलीचं मुख्य माणूस एकच. ते मी. सुट्टी होती, मला वेळ होता. भरवायचं मी, अंघोळ मी, झोपवायचं मी. दुपटी धुवायचंही मीच! माझे एक मित्र आले, ते बघून म्हणाले, "मास्तर, हे काय बायकांचं काम!" मी म्हटलं, "साबणाला कुठं कळतं, हात बाईचा आहे की पुरुषाचा?" मुलग्यांनो, हे वाक्य तुम्ही जरा नीट वाचा हं.

पहिली रात्र कठीण गेली. दोनदा उठली, दाराकडं बोट दाखवून "आ... आ..." करू लागली. आम्ही "आई नाही, झोप" असं म्हणालो नाही. "आई गावाला गेली. आई येणार," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणालो. गोधडी गालाशी धरून ती झोपली.

दुसऱ्या दिवशी मी एक प्रयोग केला, तो फसला. तिला आई दिसावी म्हणून मोबाईलवरून व्हिडिओ कॉल लावला. आई दिसली, बोलली. छकुलीनं काचेवर हात फिरवला, मोबाईलच्या मागं डोकावून पाहिलं. मागं आई नव्हती! मग तिनं जो सूर लावला, तो अर्धा तास. तिकडं चिखलदऱ्यात आईही रडायला लागली. पुढचे दोन दिवस आम्ही फक्त कळवत राहिलो, जेवली, झोपली, खेळली. प्रत्येक बाळ वेगळं असतं. एखाद्याला आईचा आवाज ऐकून बरंही वाटेल. आपण बाळाकडं बघून ठरवायचं. आणि रडू थांबवायला हातात मोबाईल द्यायचा, हे मात्र नको. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडद्यासमोर बसवूच नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली दिला आहे.

आता दुसरी चूक सांगतो. ती सांगताना अजूनही छातीत धस्स होतं. त्याच दुपारी मी ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. छकुली समोर खेळत होती. माझी नजर तिच्यावर होती असं मला वाटत होतं. पण नजर असणं वेगळं आणि लक्ष असणं वेगळं. एकदम मुलगा ओरडला, "बाबा, न्हाणी!" मी धावलो. छकुली न्हाणीत जाऊन बादलीच्या काठावर पोट टेकवून आत वाकली होती. तिला पाण्यात स्वतःचं तोंड दिसत होतं, ते तिला धरायचं होतं. बादली अर्धीच भरलेली होती. पण एवढ्या लहान मुलाचं डोकं जड असतं. ते एकदा आत गेलं की त्याला स्वतःहून बाहेर निघता येत नाही. आणि बुडणारं बाळ ओरडतही नाही.

मुलानं तिला दोन्ही हातांनी मागं ओढलं होतं. मी तिला उचललं आणि तिथंच खाली बसलो. पायांत उभं राहायचं बळ नव्हतं.

त्यानंतर आम्ही बाप-लेकांनी एक गंमत केली, पण गंमत कामाची. दोघं गुडघ्यावर रांगत घरभर फिरलो, छकुलीच्या उंचीवरून घर बघत. तुम्हीही करून बघा. अरे बापरे, काय काय दिसलं! कोपऱ्यात फवारणीचं औषध, तेही थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत! खाटेखाली भुईमुगाचे दाणे. रिमोटमधून निसटलेला बटणाएवढा सेल. टेबलावरून लोंबणारा कापडाचा कोपरा, ज्यावर गरम चहाचा कप. आमचं हे घर आम्हाला सुरक्षित वाटत होतं, कारण आम्ही ते पाच फुटांवरून बघत होतो. तासाभरात आम्ही सगळं उचललं, बादल्या उपड्या केल्या, न्हाणीच्या दाराला कडी लावली.

संध्याकाळी मी मुलाची पाठ थोपटली. त्याच वेळी आजीनं एक गोष्ट सांगितली. ती मी इतक्या वर्षांत कधी ऐकली नव्हती.

मी सहज विचारलं, "आजी, तुले लेकरं सांभाळाचं एवढं कसं समजते?"

आजी म्हणाली, "मी दुसरीत होती. माय वावरात जाये. धाकट्या भावाले कडेवर घेऊन मी शाळेत गेली. मास्तर म्हणे, त्याले घरी ठेवून ये. मी घरी गेली. ते गेलीच."

बस, एवढंच. परत ती तूर निवडू लागली. 'ते गेलीच' हे शब्द मात्र माझ्या कानातून जाईनात. मीही मास्तरच ना!

आजीसारख्या मुली तेव्हा गावोगाव होत्या. ही अडचण ज्यांनी ओळखली, त्या दोन बायांची नावं तुम्हाला माहीत असायला हवीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाईंचा काही काळ आपल्या विदर्भात, अमरावतीत गेला होता. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावी बालवाडीचं काम सुरू केलं आणि अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्त्यांतली मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा या दोघी बालवाडीच घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. ती अंगणवाडी! आणि मोठी मुलं शाळेत का येत नाहीत, हे शोधलं, तर कळलं की घरी धाकटं भावंड सांभाळायचं असतं. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. धाकट्याला कडेवर घेऊन ये, तो पाळणाघरात राहील, तू वर्गात बस. पुढं कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढलं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्यातली अंगणवाडी आज तुमच्या गावात, तांड्यावर, वस्तीवर आहे.

'त्याला घरी ठेवून ये' आणि 'त्याला घेऊन ये' या दोन वाक्यांत किती थोडा फरक आहे, नाही? पण पहिल्या वाक्यानं आमच्या आजीची शाळा गेली.

म्हणून तुम्हालाही सांगतो. लहान भावंडाला सांभाळणं हे चांगलं काम आहे. त्यात मदत जरूर करा. पण ती मदत शाळा बुडवून नको, आणि एकट्यानं तर नकोच. मोठं माणूस घरात हवंच. तुमच्या घरी अशी अडचण असेल तर तुमच्या बाईंना, सरांना सांगा. लाजू नका.

आता राहिली गोष्ट परत येण्याची.

चौथ्या दिवशी संध्याकाळी फाटक वाजलं. बहीण आली. चेहरा टवटवीत. तिनं दप्तर टाकून धावणाऱ्या पोरासारखी पिशवी टाकली आणि हात पसरले, "पिल्लूऽ!"

छकुलीनं तिच्याकडं पाहिलं. मग तोंड फिरवलं आणि माझ्या खांद्यात डोकं खुपसलं.

बहिणीचा चेहरा एकदम उतरला. "दादा, विसरली रे मला! लोक म्हणत होते तेच खरं झालं. मी जायलाच नको होतं."

तेव्हा मलाही काय बोलावं सुचेना. आजी म्हणाली, "इसरली नाही. रागावली हाय. ज्याच्यावर माया असते त्याच्यावरच राग येते माय. तिले ओढू नको. तिथंच बस अन् वाट पाह्य."

बहीण ओट्यावर बसली. मी छकुलीला घेऊन जरा अंतरावर बसलो. कुणी काही बोललं नाही. छकुली मधूनच माझ्या खांद्यावरून डोकावून पाही आणि पुन्हा लपे. दहा मिनिटं झाली. मग ती माझ्या मांडीवरून उतरली, गोधडी ओढत ओढत आईपर्यंत गेली. आईचा पदर तिनं मुठीत धरला आणि कष्टानं वर ओढून आईच्या तोंडावर टाकला.

आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो.

छकुलीनं क्षणभर थांबून पदर बाजूला केला. आई तिथंच होती. "कुक्!" छकुली म्हणाली. पुन्हा पदर टाकला, पुन्हा काढला. "कुक्!" किती वेळा केलं असेल? मी मोजायचं विसरलो. शेवटी ती आईच्या मांडीत शिरली आणि कान चोळायला लागली. वहीत लिहिलं होतं ना, कान चोळला म्हणजे झोप आली! आईनं पाठीवरून हात फिरवला. छकुली झोपली. डोळे मिटताना दचकली नाही.

आता कळलं का, या खेळात हसण्यासारखं काय आहे? स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी आपल्याच तीन मुलांचं बारकाईनं निरीक्षण केलं होतं. त्यांनी सांगितलं, की अगदी लहान बाळाला समोर जे दिसत नाही ते जगातच नाही असं वाटतं. नजरेआड गेलेली वस्तू असतेच, हे त्याला हळूहळू शिकावं लागतं. पुढच्या संशोधकांना दिसलं की बाळांना हे पियाजेंना वाटलं त्याहून थोडं लवकर समजू लागतं. पण शिकावं लागतं हे खरं. बुवा-कुक हा त्याचाच पहिला पाठ. जे जातं, ते परत येतं. प्रत्येक वेळी आई पदराआडून बाहेर आली की बाळाचं ते गणित बरोबर येतं, आणि गणित बरोबर आलं की कोण हसत नाही?

पण गणित बरोबर यायचं असेल तर एक अट आहे. जाताना सांगून जायचं, आणि सांगितल्याप्रमाणे परत यायचं.

तुमच्या घरी छोटा पाहुणा राहायला येणार असेल तर हे करा

१. त्याच्या आई-बाबांकडून त्याचे शब्द, खाणं, झोप, औषधं आणि फोन नंबर वहीत लिहून घ्या.

२. तो येण्याआधी घरभर रांगून बघा. पाणी, विस्तव, औषधं, दाणे, नाणी, सेल यांतलं जे त्याच्या हाताला लागेल ते उचला. शेंगदाणे, फुटाणे, सुपारी लहान मुलाला देऊ नका, ती घशात अडकतात.

३. बाळ पाण्याजवळ असेल तर मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. पुस्तक, मोबाईल बाजूला.

४. ते आईसाठी रडलं तर त्याला हसू नका, "रडूबाई" म्हणू नका. "आई येणार" म्हणा.

आणि पालकांसाठी दोन शब्द

दमलात तर दमलो म्हणा. चार दिवस विसावा घेतल्यानं तुम्ही वाईट आई-बाप होत नाही. पण मूल सोपवाल ते त्याच्या ओळखीच्या माणसाकडं सोपवा, एकदोन दिवस आधी येऊन राहा, आणि चोरून जाऊ नका. निघताना होणारं रडणं वीस मिनिटांचं असतं. चोरून गेल्याची भीती फार दिवस टिकते. आणि सांभाळणाऱ्या आजीलाही विचारा बरं का, "तुला जमेल ना?" तीही दमते. आम्ही यंदा ठरवलं आहे, पालखी आली की आजीला वारीला पाठवायचं. तिची तूर मी निवडीन!

तर बालमित्रांनो, आज घरी गेलात की आईला किंवा आजीला एक प्रश्न विचारा, "मी लहान असताना मला सोडून तू कधी गावाला गेली होतीस का? मी काय केलं होतं?" जे ऐकाल ते वहीत लिहून ठेवा. तुमच्याबद्दलच्या काही गोष्टी तुम्हाला ठाऊक नसतात आणि त्यांना असतात. त्या आत्ताच विचारून घ्याव्यात.

भेटू पुढच्या अंकात. सांगून जातो आहे, म्हणजे नक्की येणार!

तुमचा,
सरमामा